मायनर, पण किरकोळ नाही!

'सलून' म्हटलं की आपल्याला आधी कात्री, वस्तरा आणि भिंतीवरचे आरसे आठवतात. ब्रिटनमध्ये मात्र बंद टपाच्या, चार-पाच जणांच्या मोटारीला सलून म्हणतात. आपण तिलाच सेडान म्हणतो. गंमत म्हणजे ब्रिटनच्या सगळ्यात लाडक्या सलून गाडीवर खरोखरच कात्री चालली होती. ती गाडी म्हणजे मॉरिस मायनर. ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली.

तिचा डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिस. जन्म 1906 चा, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीर शहरातला. पुढे 1959 मध्ये जगप्रसिद्ध 'मिनी' बनवणारा हाच माणूस. युद्ध चालू असतानाच त्याने या छोट्या गाडीवर काम सुरू केलं होतं. नमुना तयार झाला, पण त्याला ती गाडी अंगाने फारच चिंचोळी वाटत होती. मग पठ्ठ्याने काय करावं? गाडी मधोमध उभी कापायला लावली! दोन्ही अर्धे भाग हळूहळू लांब सरकवत नेले आणि 'हं, आता बरोबर दिसतंय' असं वाटलं तिथे थांबला. फरक भरला चार इंचांचा. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी दिसते. बंपर आधीच बनून तयार होते. ते टाकून कशाला द्यायचे? तेही कापले आणि मध्ये पत्र्याचा तुकडा जोडला. सुरुवातीच्या गाड्यांवर हा जोड चक्क दिसतो.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना हे गोलमटोल ध्यान अजिबात आवडलं नव्हतं. पाण्यात शिजवलेल्या अंड्याशी त्यांनी तिची तुलना केली, असं सांगतात. लोकांना मात्र तेच अंडं आवडलं.

ताकद बेताची, चाल झकास

पहिल्या मायनरचं इंजिन 918 सीसीचं आणि ताकद 30 हॉर्सपॉवरच्याही आत. आजची केटीएम 390 ड्यूक तिच्यापेक्षा दमदार आहे! पण स्टिअरिंग रॅक-अँड-पिनियन पद्धतीचं, पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन आणि वजन नीट वाटलेलं. त्यामुळे वळणावर ती तिच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांपेक्षा सरस होती. 1952 मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आले आणि तिला ऑस्टिनचं 803 सीसीचं ए-सिरीज इंजिन मिळालं. 1956 मध्ये 948 सीसीची 'मायनर 1000' आली, 1962 मध्ये इंजिन 1098 सीसीचं झालं. नर्स, शिक्षक, पोलिस, नवी नोकरी लागलेली पोरं, सगळ्यांची ती गाडी होती. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या आनंदात कंपनीने जांभळट रंगाच्या साडेतीनशेच्या आसपास खास गाड्या काढल्या. सलून मॉडेलचं उत्पादन 1970 मध्ये थांबलं.

आपल्याशीही तिचं नातं आहे. 1950 च्या दशकात हिंदुस्तान मोटर्स हीच गाडी 'बेबी हिंदुस्तान' नावाने बनवत होती. आणि आपली अँबॅसडर आली ती मायनरच्या थोरल्या बहिणीवरून, मॉरिस ऑक्सफर्डवरून. ती तर 2014 पर्यंत बनत राहिली.

आज तब्येत कशी आहे?

ब्रिटनच्या रस्त्यांवर मायनर आजही धावते. पण एखादी चकाचक मायनर दिसली, तर रंगावर भाळू नका. गाडी मरते ती खालून. मायनरला वेगळी चॅसी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. त्यामुळे दारांखालचे सिल, फरशी, तिच्याखालचे आडवे बार आणि मागच्या पाट्यांचे जोड गंजले, की गाडीचा कणाच ढिला पडतो. थंडीत ब्रिटनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते या गंजाला खतपाणीच. म्हणून जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतात. चुंबक चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर आत पुट्टी!

दुसरी जागा पुढच्या चाकांची. तिथल्या आट्यांच्या जोडांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं. टाळाटाळ केली, तर ते झिजून निसटतात आणि चाक कोलमडून आडवं होतं. शंभर रुपयांच्या ग्रीसचा आळस केवढ्याला पडेल, सांगता येत नाही.

तरीही ती जगली, कारण ती उघडता येते. पुढचे-मागचे मडगार्ड बोल्टने बसवलेले, सोडवा आणि नवे लावा. बॉनेट उघडलं की इंजिनाभोवती हात घालायला ऐसपैस जागा. बॅटरी उतरली तर हँडल मारूनही सुरू होते. ए-सिरीज इंजिन मिनीत 2000 पर्यंत वापरलं गेलं, त्यामुळे सुट्ट्या भागांची फारशी ददात नाही. पत्र्याचे भागही नव्याने बनवून मिळतात. चार पाने, थोडं वेल्डिंग आणि भरपूर चिकाटी, एवढ्यावर विशीतली पोरंही ती दुरुस्त करायला शिकतात.

मूळ म्हणजे नक्की काय?

भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी 20 हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल नकोत. तशी गाडी रोज कामाला मात्र काढता येत नाही.

मग प्रश्न पडतो: जिचे सिल दोनदा बदलले, फरशी नवी टाकली, ती मायनर मूळ राहिली का? जुना भाग काढून तिथे तसाच, त्याच मापाचा भाग बसवणं ही दुरुस्ती. त्याजागी आधुनिक इंजिन कोंबणं हा फेरबदल. पहिल्याने गाडीचं आयुष्य वाढतं, दुसऱ्याने तिची ओळख पुसली जाते. आणि मायनरच्या बाबतीत तर कापणं-जोडणं तिच्या जन्मातच आहे.

आपल्या हातातला फोन दोन-तीन वर्षांत 'जुना' होतो. बॅटरी काढायची तर मागचं झाकणही सहज निघत नाही. सत्तर वर्षांची मायनर मात्र पाना घेऊन आलेल्या कुणालाही आत येऊ देते. पुढची वस्तू घेताना किंमत आणि रंग बघालच. जोडीला एवढंही विचारा, ही बिघडली तर उघडता येईल का?