बाथरूममधली लेकुरवाळी

दिवाळीची जळमटं काढताना लंडनच्या आमच्या बाथरूममध्ये छताला झाडू लावला, तर तिथला काडीसारख्या लांब पायांचा कोळी जाळ्यातच गरगरायला लागला. इतका, की दिसेचना! शत्रूला चकवायची ही त्याची युक्ती. थांबला तेव्हा दिसलं, जबड्यात अंड्यांचा पुंजका. म्हणजे मादी! पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तो असाच धरून ठेवते. दिसायला मरतुकडी, पण शरद ऋतूत इथे घरभर धावणाऱ्या धिप्पाड कोळ्यांनाही लांबूनच धागे टाकून गुंडाळते आणि खाते.

जळमटं असली की लक्ष्मी येत नाही म्हणणाऱ्या सासूबाई खाली उभ्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे गं ती. राहू दे."

तेवढा कोपरा यंदा तसाच आहे.