कमी पैशांत स्टिरिओला खर्जाची जोड

माहुल म्हटलं की मुंबईकराला आधी रिफायनरीच्या चिमण्या आठवतात, मग खाडीतले फ्लेमिंगो, आणि अलीकडे प्रकल्पग्रस्तांच्या ७२ इमारती. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्यांतून इथे आणलेल्या माणसांनी इथल्या हवेविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, आणि लिहिलं जायलाच हवं. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. २२५ चौरस फुटांचं घर. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, नमाज, पाहुण्यांची ऊठबस, सगळं त्यातच. कोपऱ्यात अब्बांच्या काळापासूनचा स्टिरिओ, आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा हट्ट, याला सबवूफर लावायचा. लावावा का, कसा, आणि किती पैशांत?

मर्यादा आधीच ठरवू या : तीन हजार रुपये, त्यावर एक पैसाही नाही. ज्या घरात महिन्याच्या शेवटी गॅसचं सिलेंडर आणि शाळेची फी यांची गाठ पडते, तिथे याहून जास्त आकडा सुचवण्यात अर्थ नाही.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात हवेला बसणारे हेलकावे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा १०० हर्ट्झच्या आगेमागे असतो, बाईचा २०० च्या आसपास. तबल्याचा डग्गा, ढोलकची जाड बाजू, सिनेमातला ढगांचा गडगडाट हे त्याच्याही खाली उतरतं. शेल्फावर मावणारे छोटे स्पीकर ७०-८० हर्ट्झच्या खाली थकतात, कारण खर्ज काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते आणि चार इंची पडद्याला ते जमत नाही. सबवूफर एवढंच काम करतो. मोठा पडदा, जड पेटी आणि फक्त खालचे स्वर.

मोठ्या पडद्यावर लोकांना या खर्जाची चटक लागली ती १९७४ च्या 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटापासून. भूकंपाच्या प्रसंगी खुर्च्या थरथरल्या पाहिजेत म्हणून थिएटरांत मुद्दाम अजस्र स्पीकर बसवले होते. पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'शोले' ७० एमएमच्या पडद्यावर स्टिरिओ आवाजासह आला. आज तोच थरार लोक दिवाणखान्यात मागतात, आणि ज्यांच्याकडे दिवाणखाना नाही तेही मागतात. त्यात वावगं काही नाही.

पण आधी घरात काय ऐकलं जातं ते बघा. तिलावत, नात, बयान, बातम्या ऐकण्यासाठी सबवूफरची काडीमात्र गरज नाही. उलट खर्ज वाढला की शब्द गढूळ होतात. दादीला नीट ऐकू येत नाही म्हणून कुणी सबवूफर आणत असेल तर त्याला थांबवा. वयाबरोबर माणसाचे आधी वरचे स्वर जातात. स, फ, त, श यांतला फरक कळेनासा होतो. त्यावर उपाय म्हणजे स्पीकर दादीच्या जवळ, कानाच्या उंचीवर आणणं आणि 'बास'चं बटण कमी करणं. त्याला एक रुपयाही लागत नाही. कव्वालीची गोष्ट वेगळी. तिथे टाळ्यांच्या खाली ढोलक आणि डग्गा चालतात. छोट्या स्पीकरवर टाळ्या ऐकू येतात आणि खालचा आधार गायब होतो. (संगीत ऐकावं की नाही यावर आपल्या घराघरांत मतं वेगळी आहेत. तो वाद इथे नको.)

बाजारात काय घ्यायचं?

तीन हजारांत नवा, नावाजलेल्या कंपनीचा, स्वतंत्र सबवूफर येत नाही. जुन्या बाजाराकडेच जावं लागतं : ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, चोर बाजार, किंवा गाडीचा आवाज हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. आणि ओळखीत विचारणं, जे सगळ्यांत स्वस्त पडतं. अनेकांच्या माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेला '२.१'चा सेट धूळ खात पडलेला असतो, आणि माझ्या मते आपल्या कामाची वस्तू तीच आहे.

का, ते सांगतो. सबवूफर दोन जातींचे. एकात ॲम्प्लिफायर आतच असतो. वीज द्या, आवाजाची तार जोडा, झालं. दुसऱ्यात नुसती पेटी आणि स्पीकर. '५.१' होम थिएटरच्या फुटलेल्या संचातला सबवूफर बऱ्याचदा या दुसऱ्या जातीचा असतो. दुकानदार तो कवडीमोलाने देईल, कारण त्याच्या मूळ यंत्राशिवाय तो मुका आहे. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "स्टिरिओच्या स्पीकरच्या टोकांनाच जोड की." तसं करू नका. सहा ओहमचा स्पीकर आणि चार ओहमचा सबवूफर एकाच टोकांवर शेजारी-शेजारी जोडले की ॲम्प्लिफायरवर २.४ ओहमचा बोजा पडतो. तो तापतो, आणि कधी कधी कायमचा गप्प होतो. दोनशे रुपयांच्या मोहात अब्बांचा स्टिरिओ जायचा. गाडीतला बारा इंची सबवूफरही दिसायला भारी, पण त्याच्या ॲम्प्लिफायरला बारा व्होल्टचा भरपूर करंट लागतो. तो पुरवणारा चांगला सप्लाय घ्यायचा तर आपली मर्यादा तिथेच मोडते.

२.१ च्या सेटमध्ये मोठ्या पेटीतच ॲम्प्लिफायर असतो आणि खालचे स्वर वेगळे काढणारी जोडणीही. सोबतचे दोन पिटुकले स्पीकर काढून ठेवा, आपल्याला नुसती पेटी हवी.

विकत घेताना पेटीची जाळी काढायला सांगा. पडद्याच्या कडेची वळी रबराची आहे की फोमची ते बोटाने हलकेच चाचपा. फोम दहा-पंधरा वर्षांत कुजतो, आणि माहुलसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत तर त्याची भुकटीच होते. रबर टिकतं. मग दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समान टेकवून अगदी हळू आत दाबा. खरखर आली तर आतली कॉईल घासते आहे. तो सौदा सोडा. वीज लावल्यावर काही न वाजवता कान पेटीजवळ न्या. बारीक गुणगुण चालेल, मोठी घरघर नको. मागचं झाकण उघडू दिलं तर कपॅसिटरची डोकी फुगलेली आहेत का तेही बघून घ्या. नुसता स्पीकर तपासायचा असेल तर खिशात दीड व्होल्टचा एक सेल ठेवा. दोन टोकांना क्षणभर लावला की 'टक्' आवाज होऊन पडदा हलला पाहिजे. एवढं करणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदारही जपून बोलतो, आणि भाव करताना त्याचा उपयोग होतो.

जोडायचं कसं?

गाणी मोबाईलवरून किंवा टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओला जात असतील तर काम सोपं. एकाचे दोन करणारी साधी 'वाय' तार घ्या. एक फाटा स्टिरिओला, दुसरा सबवूफरला. मोबाईलवरून आवाज कमी-जास्त केला की दोन्ही एकत्र कमी-जास्त होतात.

स्टिरिओचा स्वतःचा रेडिओ किंवा सीडी ऐकायची असेल तर मागे 'सबवूफर आऊट' किंवा 'प्री आऊट' लिहिलेलं भोक शोधा. 'रेक आऊट' किंवा 'टेप आऊट'ही चालतं, पण त्यातून येणारा आवाज स्टिरिओच्या बटणाने बदलत नाही. स्टिरिओ हळू केला तरी सबवूफर तसाच घुमत राहतो आणि दर वेळी उठून दोन बटणं फिरवावी लागतात. हेडफोनच्या भोकात पिन घातली की बहुतेक स्टिरिओंचे स्पीकर बंद होतात, म्हणून तो मार्ग उपयोगाचा नाही. यातलं काहीच नसेल तर गाडीच्या ऑडिओवाल्यांकडे 'हाय-लो कन्व्हर्टर' नावाची छोटी डबी मिळते. ती स्पीकरच्या तारांवरून सबवूफरला झेपेल असा बारीक सिग्नल काढून देते. ती जोडताना डाव्या-उजव्या स्पीकरच्या दोन काळ्या तारा एकमेकींना कधीही लावायच्या नाहीत. बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये काळ्या टोकावरही सिग्नल असतो आणि तिथे शॉर्ट झालं की यंत्र संपतं. हे काम हाताला सवय नसेल तर गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकला दोन पैसे द्या.

तारा जोडताना सगळ्याच वस्तूंचे प्लग काढलेले असावेत. नंतर स्टिरिओ आणि सबवूफर एकाच बोर्डावर लावा, घरघर कमी होते. बोर्ड आयएसआय खुणेचा. एका बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी माळ नको. त्याच माळेवर फ्रिज आणि इस्त्री तर मुळीच नको. तीन पिनांतली जाड पिन भोकात बसत नाही म्हणून ती कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

कोपरा, सतरंजी आणि भिंत

आता पेटी ठेवायची कुठे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब. आपली अख्खी खोली त्या लाटेच्या अर्ध्यात मावते. म्हणून लहान खोलीत खर्ज सगळीकडे सारखा पसरत नाही. एका जागी छातीत धडधडतो, दोन हात सरकलं की नाहीसा होतो. यावर जुनी युक्ती आहे. पेटी आधी आपण जिथे बसून ऐकतो तिथेच ठेवा, ओळखीचं गाणं लावा, आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे डग्गा गोल आणि स्पष्ट ऐकू येईल तिथे पेटी न्या. घरातली लहान मुलं हसतील, हसू द्या. कोपऱ्यात ठेवली तर दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज फुकटात वाढवतात. छोट्या पेटीला तो हातभार बरा, फक्त तिचं बटण तेवढंच मागे घ्यायचं.

पेटीवर 'क्रॉसओव्हर'चं बटण असेल तर छोट्या स्पीकरबरोबर ते ८० ते १०० च्या मध्ये ठेवून बघा. त्याहून फार वर नेलं तर कव्वालाचा आवाज खाटेखालून येऊ लागतो. सबवूफर लावूनही खर्ज आधीपेक्षा कमी वाटला तर दोन पडदे उलटसुलट हलत असतील. मग स्टिरिओच्या दोन्ही स्पीकरच्या तारांची टोकं अदलाबदल करून पुन्हा ऐका. सबवूफर वेगळा ओळखू येत नाही, पण बंद केला की काहीतरी गेल्यासारखं वाटतं, तिथे बटण सोडून द्या.

यापुढचा प्रश्न भिंतीपलीकडचा. वरचे स्वर भिंत अडवते. खर्ज अडवायला तीच भिंत अपुरी पडते. स्वर निम्म्यावर उतरला की भिंतीची अडवण्याची ताकद साधारण सहा डेसिबलने घटते. ८ ऑगस्ट २०१८ ला इथल्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा त्याचा हादरा आजूबाजूच्या वस्त्यांना बसला होता. जमिनीतून आणि हवेतून कंप किती लांब जातो ते माहुलकरांना वेगळं सांगायला नको. पेटीखाली जाड रबर किंवा जुन्या टायरचे तुकडे ठेवले तर फरशीतून खाली जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा खर्ज त्याने थांबत नाही. सतरंजीने आणि पडद्याने तर त्यात काहीच फरक पडत नाही.

कायद्याप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाईलच्या ॲपवर आकडा बघून "मी मर्यादेतच आहे" असं म्हणणारे भेटतात. ही मोजणी ज्या पट्टीवर होते ती माणसाच्या कानासारखी बनवलेली आहे आणि ५० हर्ट्झचा आवाज ती तीसेक डेसिबलने कमी धरते. आकडा छोटा दिसतो आणि शेजारच्या मांडणीतली भांडी वाजत असतात. मोजायचंच असेल तर शेजारी जाऊन बसा. सूरह निसामध्ये जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी चांगलं वागण्याचा हुकूम आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. इथे जवळचा शेजारी म्हणजे चार इंचांच्या भिंतीपलीकडचा.

माहुलसारख्या ठिकाणी दिवसाही जपावं लागतं. कंपन्यांत पाळ्या चालतात. शेजारचा भाऊ किंवा वरच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून सकाळी झोपलेले असतात, आणि त्यांच्यासाठी दुपारचे बारा म्हणजे मध्यरात्र. सबवूफर आणला त्या पहिल्या संध्याकाळीच आजूबाजूच्या दोन आणि वरच्या-खालच्या दोन घरांत जाऊन, जमल्यास शीरखुर्म्याची वाटी घेऊन, त्यांच्या झोपेच्या वेळा विचारून घ्या. कुठल्या घरात तान्हं बाळ आहे, कुणाची दहावी आहे, तेही कळेल. मग आपला आवाज लावून मुलाला शेजारी पाठवा आणि तिथून ऐकू येईनासं होईपर्यंत बटण मागे आणा. तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका काढा. नेलपॉलिशही चालतं. इशानंतर सबवूफरचा प्लग काढायचा. स्टिरिओ एकटा हळू आवाजात वाजायला हरकत नाही.