तापाची धास्ती आणि गोवराची साथ

लस टोचली की पोर तापतं, ही तक्रार खोटी नाही. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर आठवड्याभराने काही बाळांना ताप येतो आणि दोनेक दिवसांत उतरतो. हे आधी न सांगणं ही यंत्रणेचीच हयगय. रोजंदारीवरच्या घराला एक खाडाही महाग पडतो. पण लस टाळणं त्याहून महाग: २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवराने मुलं दगावली. ‘बाकीच्यांनी घेतलीय ना?’ हा हिशेबही चालत नाही: एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना लागण करू शकतो, म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत. राहिली लशीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते ही भीती. ती पसरवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासूनही संबंध आढळला नाही.