जोडगाडीच्या मागील दिव्यांचे दोष

मोटारीमागें जोडगाडी लावण्याचा प्रघात आपल्याकडे विरळाच. परंतु ट्रॅक्टरमागील ट्रॉली बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे, आणि दोहोंच्या दिव्यांचीं दुखणीं पुष्कळशीं सारखींच असतात. गत पावसाळ्याच्या अखेरीस गोराईहून उत्तन-भाईंदरमार्गें बोरिवलीस भाजी आणतांना माझ्या भाच्याच्या जीपमागील जोडगाडीस काळोखांत एक दुचाकीस्वार येऊन धडकला. ईश्वरकृपेनें हाताच्या दुखापतीवर निभावलें. ब्रेक दाबतांच मागचे तांबडे दिवे उजळण्याऐवजीं उलट मंदावले, असें त्याचें म्हणणें होतें, व तें खरें निघालें. आदल्याच आठवड्यांत एका कारखान्यांत सर्व बल्ब नवे बसविले होते.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. फेरफाराची नोंद चुकली तर मूळ कागदापर्यंत मागें जावें लागे. तोच क्रम येथें उपयोगी पडला.

दिव्यास वीज येण्याची एक वाट लागते, तशी परत जाण्याचीही लागते. जीपमध्यें परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच होय. जोडगाडी मात्र आंकड्यानें जोडलेली, त्यावर ग्रीस आणि गंज. म्हणून परतीची वीज प्लगांतील स्वतंत्र तारेनें न्यावी लागते. यालाच अर्थिंग म्हणतात. सात पिनांच्या नेहमींच्या प्लगांत ही तार पांढरी व तिसऱ्या पिनेवर असते. पिवळी डाव्या वळणाची, हिरवी उजव्या वळणाची, तांबडी ब्रेकची, तपकिरी व काळी अनुक्रमें उजव्या व डाव्या मागील दिव्याची, आणि निळी धुक्याच्या दिव्याची. आपले मिस्त्री हातीं येईल त्या रंगाची तार जोडतात, तेव्हां रंगावर विसंबूं नये.

अर्थिंग तुटलें कीं, बांध घातलेल्या पाटाचें पाणी जसें शेजारच्या वाफ्यांत शिरतें, तशी ब्रेकच्या दिव्याची वीज इतर बल्बांतून वाट काढते. मग ब्रेक दाबला असतां दिवे मंद होतात, किंवा वळणाच्या दिव्याबरोबर भलतेच दिवे मिचकतात. तार पुरती तुटावी लागते असेंही नाहीं. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपियर घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारें ७ ओहम. गंजलेल्या सांध्यानें आणखी २ ओहम घातले, तर बल्बास सव्वानऊ व्होल्टच मिळतात आणि उजेड निम्म्याहूनही कमी होतो.

तपासणीस मीटर नको, तो फसवितो. तारेचा एकच तंतु शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवितो, कारण तो स्वतः जवळजवळ वीज घेतच नाहीं. २१ वॅटच्या बल्बास दोन तारा जोडून घ्याव्या. एक टोंक जीपच्या सॉकेटांतील अर्थिंगच्या पिनेस लावावें (सांगाड्यास नव्हे, नाहींतर ती पिन तपासलीच जात नाहीं), व दुसरें एकेका पिनेस लावून त्या त्या दिव्याचें बटण चालू करावें. सर्वत्र पूर्ण उजेड पडला तर जीप निर्दोष. नंतर प्लग जोडून बॅटरीच्या ऋण अग्रापासून एक लांब तार जोडगाडीच्या दिव्याच्या अर्थिंगच्या तारेस टेंकवावी. दिवे तत्क्षणीं सुधारले तर दोष अर्थिंगचा, असें निश्चित समजावें. आमच्याकडे तसेंच झालें. सांगाड्यावरील स्क्रूखालीं रंगाचा थर होता, आणि खाडीच्या खाऱ्या हवेनें तांब्याच्या तारेवर हिरवें कीट चढलें होतें. लोखंड चकाकेपर्यंत घांसून, तारेस नवें टोंक लावून वर व्हॅसलीन चोपडलें. खर्च चहापाण्याइतका.

एकच दिवा बंद असेल तर बल्ब व होल्डर पाहावा. दोन तारांच्या बल्बाच्या बाजूच्या खुंट्या खालींवर असतात. तो उलटा दडपून बसविल्यास ब्रेकच्या व मागील दिव्याची अदलाबदल होते. जीप व जोडगाडी दोहोंचेही ब्रेकचे दिवे गेले तर फ्यूज किंवा पायाखालचा स्विच. फ्यूज वारंवार जळत असेल तर जाड फ्यूज कदापि घालूं नये. आंकड्यापाशीं वायर घांसून उघडी पडली आहे काय तें पाहावें.

मागील तांबडा दिवा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं आवश्यक केला आहे. पण गवताचे भारे मागें लोंबत असले तर चांगला दिवाही त्यांआड जातो. भाच्याच्या गाडीवर त्या रात्रीं तेंही होतें.

दुचाकीस्वाराच्या औषधपाण्याचा खर्च भाच्यानें दिला. कारखानदारानें बल्बांचे पैसे मात्र अद्याप परत केलेले नाहींत.