क्लच 'वर घ्या' म्हणण्याआधी थांबा, बोनेट उघडा

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमधून गळीत हंगामात गाडी काढायची म्हणजे डाव्या पायाची परीक्षा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे एसटी आणि आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वेळी क्लच अगदी तळाला सुटत असेल, तर गिअर कर्रर्र आवाज करत पडतो. कधीकधी पडतच नाही. मग गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य: "क्लच जरा वर घ्या."

जुन्या केबलच्या क्लचला हे वाक्य बहुतेक वेळा चालायचं. हायड्रॉलिक क्लचला दरवेळी चालत नाही.

हायड्रॉलिक क्लच म्हणजे नळीने जोडलेल्या दोन सिरिंज समजा. एक दाबली की दुसरीचा दट्ट्या पुढे सरकतो. पेडलजवळची सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळची स्लेव्ह सिलिंडर आणि मधलं पाणी म्हणजे ब्रेक ऑइल. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनचा जोर जास्त, म्हणून क्लचची स्प्रिंगही कडक. ती दाबायला हायड्रॉलिक सोयीचं पडतं. पोर्शे ९११ सारख्या गाडीतही १९८७ च्या मॉडेलपासून केबल जाऊन हायड्रॉलिक क्लच आला.

आता गणित बघू. समजा पेडल १२० मिलिमीटर खाली जातं आणि लिव्हरचं प्रमाण सहाला एक आहे. म्हणजे मास्टरचा पिस्टन २० मिमी सरकतो. मास्टरचा व्यास १६ आणि स्लेव्हचा १९ मिमी असेल, तर स्लेव्ह सरकतो फक्त १४ मिमी. नळीतल्या हवेने किंवा ढिल्या पुशरॉडने मास्टरचे ४ मिमी खाल्ले, की हातात उरतात जेमतेम ११. तेवढ्यात क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर ओरडतो.

ॲडजस्टमेंट असते ती पेडल आणि मास्टरमधल्या पुशरॉडवर. लॉकनट ढिला करायचा, रॉड थोडा थोडा फिरवायचा, नट पुन्हा आवळायचा. पण पेडलच्या सुरुवातीला थोडा मोकळा खेळ ठेवावाच लागतो. बऱ्याच गाड्यांत तो ५ ते १५ मिमीच्या आसपास असतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. क्लच 'मस्त वर' यावा म्हणून हा खेळ संपवला, तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतायचं छिद्र बंद राहतं. इंजिन तापलं की ऑइल फुगतं, जायला जागा नसते आणि पाय न लावताही क्लच अर्धा दाबला जातो. प्लेट घसरते, जळते. नट फिरवायला पाच मिनिटं लागतात, प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत तर फिरवायला रॉडच नसतो.

बोनेट उघडायचं ते यासाठी. क्लच प्लेट झिजली की ब्रेकच्या बरोबर उलटं घडतं: स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि ऑइल टाकीत परत येतं. त्यामुळे क्लचची टाकी वेगळी असेल आणि तिची पातळी उतरत असेल, तर ती झीज नाही, गळती आहे. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तिथे गळती म्हणजे ब्रेकचाही प्रश्न. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच वर येत असेल, तर आत हवा असण्याची किंवा मास्टरचं सील गेल्याची शक्यता जास्त. तिथे नटाचा उपयोग नाही. हवा काढा, सील बदला. ऑइलही जुनं ठेवू नका, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू मानकानुसार कोरडं असताना किमान २३०, तर ओलावा धरल्यावर किमान १५५ अंश. हा फरक उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये कळतो.

ॲडजस्ट केल्यावर दोन चाचण्या घ्या. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला तर क्लच अजून पूर्ण सुटत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतोय आणि गाडी मात्र तिथेच, असं झालं तर खेळ कमी पडलाय किंवा प्लेट संपली आहे. पहिली शंका असेल तर रॉड थोडा उलटा फिरवून पुन्हा बघता येतं.