सीमाभागातील माणसाचा अभ्यास : सत्तर वर्षांचा मागोवा

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात आले; औराद-संतपूर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले. पण या मुलखातली माणसे लग्ने कशी जुळवतात, नवस कुठे बोलतात, घरात आणि बाजारात कोणती भाषा वापरतात, याचा शोध मानववंशशास्त्राने वेगळ्या वाटेने घेतला.

सुरुवात इरावती कर्व्यांपासून करावी लागते. डेक्कन कॉलेजात काम करताना 1953 मध्ये त्यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यांना उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा वाटला. मराठी मुलखात अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा टाळतात. कन्नड मुलखात अनेक समाजांत मामा-भाचीचेही लग्न होते आणि सीमेलगतच्या काही मराठी समाजांतही ती रीत आहे. सोयरिकीचे नियम राज्याच्या हद्दीपाशी थांबत नाहीत, हे कर्व्यांच्या मांडणीमुळे स्पष्ट दिसू लागले.

पुढे दैवतांचा अभ्यास आला. हायडेलबर्गचे ग्युंथर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 मध्ये निघाला. रा. चिं. ढेरे यांनी 1984 च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाचे मूळ दक्षिणेतल्या गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार हा जेजुरीच्या खंडोबाचाच भाऊबंद. बिदरजवळच्या अष्टूरला अहमदशाह वली बहामनीच्या कबरीवर उरूस भरतो, तेव्हा आळंद तालुक्यातल्या माडियाळहून जंगम येतात. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंच्या रूपात पाहतात. अशा ठिकाणी हिंदू, मुसलमान, मराठी, कन्नड असे कप्पे पाडून अभ्यासच होत नाही.

भाषेबाबतचा मोठा वाद सांगलीजवळच्या कुपवाडवरून झाला. 1971 च्या लेखात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मांडले, की तिथली कन्नड, मराठी आणि उर्दू शतकानुशतकांच्या शेजारामुळे इतक्या जवळ आल्या आहेत, की वाक्याची घडण तीच राहते, शब्द तेवढे बदलतात. हा लेख जगभर शिकवला गेला. सुमारे चार दशकांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा त्याच गावात गेल्या आणि 2016 च्या शोधनिबंधात त्यांनी या सिद्धांताची कसून चिकित्सा केली. एकदा पाहिलेले गाव कायमचे तसेच असते असे धरून चालू नये, हा त्यातून घ्यायचा मोठा धडा आहे.

मानववंशशास्त्राला स्वतःकडेही वळून पाहावे लागले. कर्व्यांनी बर्लिनमध्ये कवट्यांवर संशोधन केले ते ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. फिशर यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला कर्व्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही. तरी भारतात परतल्यावर जातीजातींची शरीरे मोजण्याचे काम त्यांनीही केले. 2024 मध्ये आलेल्या ‘इरू’ या इंग्रजी चरित्राने ही दोन्ही अंगे नव्या वाचकांपुढे ठेवली. मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण, हा प्रश्न आता कोणत्याही संशोधकाला टाळता येत नाही.

म्हणूनच या सत्तर वर्षांतून पुढचे काम स्पष्ट दिसते. सीमाभाग पुण्याचा किंवा बंगळूरचा काठ म्हणून पाहणे पुरे झाले. तो स्वतःच एक मध्य आहे. बिदर विद्यापीठ 2023 मध्ये सुरू झाले. तिथे संतपूर, भालकी, आळंदची मराठी, कन्नड, उर्दू आणि लमाणी बोलणारी मुले आपल्याच गावांचा अभ्यास करू लागली, तर प्रश्नही तीच ठरवतील. त्यांचे निष्कर्ष मराठीतही छापले जावेत आणि कन्नडमध्येही. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते वाचून चुकीचे म्हणता आले पाहिजे. हे शास्त्र या मुलखाचे एवढे देणे लागते.