खाती होती, नावं गेली

आज आमच्या ग्रामसंघाच्या कचेरीतला एक गोंधळ सांगतो, कारण तो तुमच्याकडेही होऊ शकतो.

आमच्याकडे एकच संगणक. त्यावर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची मुदत संपली, तेव्हा गावात बोलणं उठलं की आता संगणक बंद पडणार. तसं नसतं. संगणक चालूच राहतो, फक्त नवा व्हायरस आला तर त्याला अडवणारं ठिगळ नेहमीसारखं मिळत नाही. पण आमचं बँकेचं कामही त्याच संगणकावर, म्हणून विंडोज ११ टाकायचं ठरलं. तालुक्याच्या दुकानात नेला. दुकानदाराने विचारलं, "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे ना?" आम्ही तोऱ्यात हो म्हणालो.

आमचं जुनं विंडोज ३२ बिटचं होतं आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. अशा वेळी नवं वरच्यावर चढवता येत नाही. सी ड्राइव्ह पुसून नव्याने भरावा लागतो, म्हणजे घर सारवणं नव्हे, पाडून बांधणं. डेस्कटॉपवर, म्हणजे समोरच्या पडद्यावर आपण जे ठेवतो, ते एरवी सी ड्राइव्हमध्येच असतं. हे आम्हाला कुठं ठाऊक? वर्षभराचे ठराव तिथंच होते. गेले. वरच्यावर चढवलं असतं तर साधारण दहा दिवसांत जुन्यावर परत जाता येतं. आम्हाला ती वाट नव्हती.

डी ड्राइव्हमधली खाती मात्र शिल्लक होती. उघडली, तर आकडे जिथल्या तिथं. बचत, कर्ज, हप्ता, व्याज, सगळं बरोबर. नावाच्या रकान्यात मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. पंधरा हजार बाकी दिसते, पण कुणाची? आणि सोमवारी तीन गटांच्या कर्जाचे कागद बँकेत द्यायचे. एक मावशी म्हणाल्या, "माझे पैसे आता कुणाच्या नावावर गं?" त्यांना उत्तर देताना आमची जीभ अडखळली.

पैसे कुठंच गेले नव्हते. झालं होतं असं, की आमची खाती जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली. त्या पद्धतीत संगणक आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवतो आणि फाँट त्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. फाँट सी ड्राइव्हबरोबर पुसला गेला, चित्र उतरलं, खालचं इंग्रजी उघडं पडलं. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथं 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. कुठल्याही फोनवर उघडा, 'क'च दिसतो.

लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दादांकडे तोच फाँट निघाला. फाइल पेन ड्राइव्हवर आणली, तिच्यावर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल' केलं आणि नावं परत आली. मग फाँट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून सगळं युनिकोडमध्ये घेतलं. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. आम्ही दोघीजणी बसलो, एकीने हाताचं रजिस्टर वाचायचं, दुसरीने पडद्यावर बघायचं. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, नियमित लेखे, पोरी कंटाळून लिहितात ना? त्याच रजिस्टरने वाचवलं. ठरावही त्यातूनच पुन्हा टाइप करतोय. सोमवारी कागद दिले, अगदी बँक बंद व्हायच्या वेळेला.

आता मराठी टाइप करायला सेटिंगमध्ये भाषा जोडून घेतली आहे. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं. फोनसारखंच, म्हणून नव्या मुलींना ते लवकर जमलं. आम्हालाच वेळ लागतोय.

तुमचा संगणक बदलायला नेणार असाल तर आधी तो विंडोज ११ घेतो का ते विचारा, सगळे घेत नाहीत. ४ जीबी रॅम पुरते म्हणतात. आमच्यात तेवढीच आहे, आणि तो सुरू होईपर्यंत चहा होतो. डेस्कटॉप, फाँट आणि हिशेब यांची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. प्रिंटरचंही विचारा. आमच्या जुन्या प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हरच मिळाला नाही. तो सध्या कपाटावर आहे, आणि आम्ही छापायला एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो.